मध्यरेषेवरची चुंबकीय वादळे

वाशिम शहरात मध्यमेश्वराचे देऊळ आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी पृथ्वीची मध्यरेषा याच जागेवरून जाते अशी परंपरा आहे, आणि तिला ग्रंथाचा आधारही आहे. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास रचलेल्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात मध्यरेषेवरची गावे दिली आहेत. त्यांत परळीच्या जोडीला वत्सगुल्म येते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. पुढे उज्जयिनी, आणि उत्तरेला कुरुक्षेत्र. आजच्या नकाशावर परळीचा रेखांश ७६.५, वाशिमचा ७७.१, उज्जैनचा ७५.८ आणि कुरुक्षेत्राचा ७६.८ अंश भरतो. उपग्रह नाहीत, अचूक घड्याळे नाहीत, अशा काळात आपल्या ज्योतिर्विदांनी शेकडो कोसांवरची गावे दीड अंशाच्या पट्ट्यात बसवली होती, हे आजही मान झुकवायला लावणारे आहे.

हाच पट्टा दक्षिणेकडे ताणला की केरळच्या किनाऱ्यावरचे थुंबा येते. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळच जाते. उत्तरेकडे ताणून जरासा पूर्वेला सरकवला की लडाखमधले हान्ले लागते. १० आणि ११ मे २०२४ च्या मधल्या रात्री हान्लेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबडा प्रकाश टिपला. सूर्याकडून आलेल्या लोटामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र डळमळते ते चुंबकीय वादळ, आणि तोवरच्या वीस वर्षांतले सर्वांत तीव्र वादळ त्या रात्री चालू होते. तो प्रकाश पाहून अनेकांनी ‘भारतात ध्रुवप्रकाश दिसला’ असे म्हटले. अभ्यासकांनी मात्र त्यात एक फरक दाखवला. हिरव्या पडद्यांसारखा हलणारा, खरा ध्रुवप्रकाश पुष्कळ उत्तरेला राहिला होता. हान्लेला दिसलेली होती ती त्याच्या अलीकडची, स्थिर, तांबडी कमान. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू तापलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे उजळतात, तेव्हा ती दिसते.

ध्रुवप्रकाशाच्या वलयाला लागून, विषुववृत्ताच्या बाजूला असलेला हा ‘अलीकडचा पट्टा’ वरच्या वातावरणाच्या विज्ञानात फार महत्त्वाचा ठरला आहे. तिथल्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, वादळाच्या वेळी विद्युत् क्षेत्र अचानक उसळते, आणि त्याचा धक्का काही मिनिटांत थेट विषुववृत्तापर्यंत पोहोचतो. हे कळले ते रडारमुळे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पण त्या वादळांच्या नोंदी ठेवण्याचे काम मुंबईत त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी सुरू झाले होते. रडारची कहाणी कुलाब्याच्या वह्यांपासून सुरू करावी असे मला वाटते, कारण त्या वह्या नसत्या तर सर्वांत मोठे वादळ केवढे असू शकते हे जगाला कळलेच नसते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती जहाजांना वेळ दाखवण्यासाठी आणि खगोलीय वेधांसाठी. चुंबकीय मोजमापे सुरू झाली १८४१ मध्ये. त्या वेळी प्रमुख होते एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये त्यांचे सहकारी होते आणि वेधशाळेच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. ऑर्लेबार यांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा सहायक म्हणून लागला. तो म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा पुढे पुण्याला गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला आणि टिळकांनी ज्यांना गुरू मानले ते केरूनाना म्हणून ओळखला गेला. मराठी माणूस केरूनानांना पंचांगसुधारणेसाठी आठवतो. पण त्यांच्या उमेदीची वर्षे गेली ती कुलाब्यात, आकाशाचे आणि हवेचे आकडे टिपण्यात.

हे टिपणे कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. डब्लिनच्या थॉमस ग्रब यांनी बनवलेली उपकरणे कुलाब्याला होती. बारीक धाग्यावर एक चुंबक आडवा टांगलेला असे. त्याला एक छोटा आरसा जोडलेला. काही अंतरावर दुर्बीण, तिच्याजवळ आकड्यांची पट्टी. पट्टीचे प्रतिबिंब आरशात पडे आणि निरीक्षक दुर्बिणीतून ते वाची. चुंबक केसभर वळला तरी दुर्बिणीत आकडा सरके. आसपास लोखंडाचा तुकडा चालत नसे. दर तासाला, दिवसरात्र, सणासुदीलाही, कोणीतरी त्या खोलीत जाऊन आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. सुई अस्वस्थ दिसली तर तासाची वाट न पाहता दर पाच मिनिटांनी वाचन घ्यायचे, असा नियम. १८४६ पासूनची ही नोंद सलग आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत असताना त्यांना डागांच्या एका समूहावर पांढराशुभ्र झोत चमकताना दिसला. रिचर्ड हॉजसन यांनीही तोच झोत स्वतंत्रपणे पाहिला. त्या वेळी मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते. साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरच्या सकाळी, सूर्याकडून सुटलेला वायूचा लोट पृथ्वीवर आदळला. युरोपातल्या वेधशाळांमध्ये छायाचित्रण करणारी नवी यंत्रे होती. त्यांच्यावरचा प्रकाशबिंदू कागदाबाहेर गेला आणि नोंद तुटली. कुलाब्याला तेव्हा लेफ्टनंट फर्ग्युसन प्रमुख होते आणि वाचन डोळ्यांनीच चाले. त्यामुळे कागदाची मर्यादा आली नाही. सकाळी अकराच्या सुमारास चुंबकीय बलाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. मुंबईला हा घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतो. म्हणजे दीडेक तासात पृथ्वीच्या चुंबकत्वाचा इथला आडवा हिस्सा चार टक्क्यांनी घटला होता, आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाने तो आकड्यागणिक उतरताना पाहिला. त्याचे नाव आपल्याला माहीत असायला हवे होते.

त्या वाचनांचा तक्ता अहवालात छापला गेला आणि जवळजवळ दीड शतक पडून राहिला. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्सालेस आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना व शोभना ॲलेक्स यांनी मिळून तो पुन्हा जगापुढे मांडला. उष्ण कटिबंधातून त्या वादळाचा संपूर्ण आलेख देणारी ती नोंद होती. आज वीजजाळ्यांचे आणि उपग्रहांचे अभियंते ‘कॅरिंग्टनसारखे वादळ पुन्हा आले तर’ असा प्रश्न विचारतात, तेव्हा हाताशी घेतात तो आकडा कुलाब्याचा असतो.

१८७२ च्या ४ फेब्रुवारीला, रविवारी, आणखी एक मोठे वादळ आले. त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर मुंबईच्या आकाशात रंग बदलणारा प्रकाश दिसल्याचे वृत्त वर्तमानपत्रात आले. समुद्राखालून एडनला जाणाऱ्या तारेवर आणि सरकारी तारांवर संदेश बिघडले. मुंबईचे चुंबकीय अक्षांश तेव्हा दहा अंशांच्या आसपास होते. इतक्या खाली ध्रुवप्रकाश पोहोचल्याच्या नोंदी जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. कुलाब्याचा आलेख आणि इतर वेधशाळांचे आकडे जोडून अलीकडच्या अभ्यासकांनी या वादळाची तीव्रता उणे ८३४ नॅनोटेस्ला किंवा त्याहूनही खाली धरली आहे. २०२४ च्या वादळाची तीव्रता उणे ४०६ होती, हे लक्षात घेतले की त्या रविवारची कल्पना येते.

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ सालचाच. एडिंबराला शिकून आलेले हे पारशी गृहस्थ १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्यापुढे अडचण आली ती मुंबईच्या ट्रामची. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार होत्या, आणि रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकसूचीला स्वस्थ राहू देणार नव्हता. मूस यांनी जागा शोधली ती अलिबागला, केरूनानांच्या नागावपासून काही मैलांवर. तिथे चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरून वेधशाळा बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नेमकी जुळावी. मुंबईत विजेची ट्राम धावली मे १९०७ मध्ये, तोवर सांधा पक्का झाला होता. ही दूरदृष्टी मला मूस यांच्या सगळ्या कामात मोठी वाटते. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन जाड खंड प्रसिद्ध केले. वादळ सुरू होताना आडवा घटक आधी किंचित वाढतो, मग कोसळतो, मग दिवसामागून दिवस सावकाश सावरतो, हा क्रम त्यांनी अनेक वादळांच्या सरासरीतून दाखवला. सिडनी चॅपमन यांच्या पिढीने यापुढचे काम केले.

हळूहळू उलगडले ते असे. वादळात पृथ्वीभोवती, काही पृथ्वी-त्रिज्या अंतरावर, विद्युतभारित कणांचा एक वलयप्रवाह वाहू लागतो, आणि अलिबागसारख्या ठिकाणी आडवा घटक घटतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. पण एक कोडे सुटत नव्हते. ध्रुवाजवळचे चुंबकीय चढउतार आणि विषुववृत्तावरचे चढउतार पुष्कळदा एकाच मिनिटाला उमटत. मधल्या अक्षांशांवर ते फिके असत. जपानचे अत्सुहिरो निशिदा यांनी १९६८ मध्ये अशा जोडीने हलणाऱ्या लहरींचा तपशीलवार अभ्यास मांडला. चुंबकसूची फक्त परिणाम दाखवते. प्रवाह वाढला तो विद्युत् क्षेत्र वाढल्यामुळे की आयनांबराची वाहकता वाढल्यामुळे, हे ती सांगू शकत नाही. क्षेत्र वेगळे मोजायला हवे होते.

ते मोजले रडारने. आयनांबरातले इलेक्ट्रॉन आणि आयन विद्युत् क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र या दोघांच्या ओढीत आडवे सरकतात. त्यांच्याकडून परतलेल्या रेडिओलहरीची वारंवारता किती बदलली यावरून सरकण्याचा वेग कळतो, आणि वेगावरून क्षेत्र काढता येते. उच्च अक्षांशांवर सेकंदाला एक किलोमीटर वेग आढळला तर तिथे दर मीटरला सुमारे ५० मिलिव्होल्टचे क्षेत्र असते. विल्यम गॉर्डन यांनी १९५८ मध्ये या तंत्राचा पाया मांडला. त्यानंतर काही वर्षांतच पेरूमध्ये चुंबकीय विषुववृत्तावर हिकामार्काचा आणि बॉस्टनजवळ मिलस्टोन हिलचा प्रचंड रडार कामाला लागला. १९७१ मध्ये अलास्कात चटानिकाचा आला. चटानिका आणि हिकामार्का एकाच वेळी चालवून पाहिले, तेव्हा ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातले क्षेत्र आणि विषुववृत्तावरचे क्षेत्र बरोबरीने बदलताना सापडले.

अलीकडच्या पट्ट्यात काय घडते, ते आधी उपग्रहांनी दाखवले. युरी गाल्पेरिन आणि त्यांच्या सोव्हिएत सहकाऱ्यांनी ‘कॉसमॉस-१८४’च्या नोंदींत संध्याकाळच्या बाजूला पश्चिमेकडे सुसाट धावणारा अरुंद झोत ओळखला. मिलस्टोन हिलच्या जॉन फॉस्टर यांनी वर्षानुवर्षांच्या रडारनोंदींत तोच प्रकार रुंद पट्ट्यात पाहिला, आणि २००२ मध्ये विल्यम बर्क यांच्यासह या सगळ्या प्रकारांना एकच सामाईक नाव दिले. कारण असे. वादळात चुंबकांबराच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशाच्या, शेपटीकडून आत येणारे आयन इलेक्ट्रॉनांपेक्षा पृथ्वीच्या जास्त जवळ पोहोचतात. त्यांच्याशी जोडलेला प्रवाह चुंबकीय रेषांवरून खाली आयनांबरात उतरतो. जिथे इलेक्ट्रॉनांचा मारा होत नाही तिथे आयनांबर कमकुवत वाहक असते. अरुंद मोरीतून तेवढेच पाणी काढायचे तर दाब वाढावा लागतो, तसे या कमी वाहकतेच्या पट्ट्यात तेवढाच प्रवाह नेण्यासाठी विद्युत् क्षेत्र फुगते. हान्लेला दिसली तशी तांबडी कमान याच पट्ट्याच्या आसपास पेटते.

एरवी वलयप्रवाह खालच्या अक्षांशांसाठी ढालीचे काम करतो. बाहेरून आलेल्या क्षेत्राला विरोधी क्षेत्र उभे करून तो ते अलीकडच्या पट्ट्यातच अडवतो. विटेनिस व्हासिल्युनस यांनी १९७० मध्ये या ढालीचे गणित मांडले. पण सौरवाऱ्यातले चुंबकीय क्षेत्र अचानक दक्षिणेकडे वळले तर ढालीला जुळवून घ्यायला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्या वेळात क्षेत्र विषुववृत्तापर्यंत घुसते.

भारतात ही घुसखोरी पकडली थुंब्याने. तिथले केंद्र उभारले ते चुंबकीय विषुववृत्ताच्या वरचा विद्युतप्रवाह अभ्यासण्यासाठीच, आणि १९६३ मध्ये तिथून पहिला अग्निबाण सुटला. ही जागा निवडण्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता, आणि पुण्याचे प्रमोद काळे त्या पहिल्या उड्डाणाच्या तुकडीत होते. १९७० च्या दशकात तिथे ५४.९५ मेगाहर्ट्झचा रडार उभा राहिला. जमिनीपासून सुमारे १०५ किलोमीटरवर वाहणाऱ्या विषुववृत्तीय प्रवाहात पावणेतीन मीटर लांबीच्या बारीक लाटा उठतात. त्यांवरून परतणारी लहर हा रडार टिपे. सी. ए. रेड्डी, व्ही. व्ही. सोमयाजुलू आणि सी. व्ही. देवसिया यांनी १९७९ मध्ये दाखवले की ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातले आणि विषुववृत्तावरचे क्षेत्र एकमेकांशी बांधलेले आहे. पुढे सोमयाजुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ मार्च १९७९ च्या एका उपवादळात, म्हणजे अल्पकाळाच्या चुंबकीय खळबळीत, चुंबकांबराचे क्षेत्र थुंब्यापर्यंत घुसल्याचे दाखवले. त्याच सुमारास भारत आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून त्रिवेंद्रम, अलिबाग, उज्जैन, गुलमर्ग अशी उत्तरेकडे मध्य आशियापर्यंत जाणारी चुंबकीय वेधशाळांची साखळी चालवली. भास्कराचार्यांची मध्यरेषा या साखळीच्या अगदी जवळून जाते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आज १.९८ मेगाहर्ट्झचा रडार आहे. तो ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतो. हेच वारे शांत दिवसांतही विषुववृत्तीय क्षेत्राला जन्म देतात.

अलीकडच्या पट्ट्यावर प्रत्यक्ष बसून निरीक्षण करण्याची संधी मिळाली ती अंटार्क्टिकात. जानेवारी १९८२ मध्ये पहिली भारतीय मोहीम तिथे उतरली. १९८९ मध्ये उभारलेले मैत्री केंद्र शिर्माखर मरुद्यानात, सुमारे ७०.८ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. चुंबकीय अक्षांशाच्या हिशेबाने मैत्री शांत काळात ध्रुवप्रकाशाच्या वलयाच्या अलीकडे असते. वादळात वलय फुगले की ते तिच्या माथ्यावर येते. जगाच्या नकाशावर यापेक्षा नेमकी जागा क्वचितच मिळेल. कुलाबा-अलिबागचा वारसा चालवणारी आणि आता नवीन पनवेलला असलेली भूचुंबकत्व संस्था तिथे चुंबकमापी चालवते. केरूनानांनी ज्या तऱ्हेने तासातासाला आकडे लिहिले, त्याच शिस्तीने त्यांच्या मुलुखातली माणसे हिवाळ्याच्या सलग रात्रीत तिथे यंत्रे जागती ठेवतात.

या सगळ्याचा वाशिमशी संबंध येतो तो तिथल्या डोक्यावरच्या आकाशातून. दिवसा विषुववृत्तावरचे पूर्वेकडचे क्षेत्र प्लाझ्माला, म्हणजे आयनांबरातल्या विद्युतभारित वायूला, वर उचलते. तो चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरत जाऊन जमतो. भारतात हा ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळच्या आसपास असतो, आणि वाशिम त्याच्या दक्षिण उतारावर येते. वादळात अलीकडचा पट्टा ओलांडून क्षेत्र घुसले की उचलणे वाढते आणि ढीग उत्तरेकडे सरकतो. तेव्हा एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या जीपीएसचा अंदाज दहा-पंधरा मीटरपर्यंत चुकू शकतो. विमानांसाठी ‘गगन’ प्रणाली उभारताना इस्रोला या भारतीय आकाशाचा वेगळा विचार करावा लागला, तो याच कारणाने.

१८५९ चा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. १६०० नॅनोटेस्लांची ती घसरण सगळी वलयप्रवाहाचीच होती का? ती इतक्या लवकर का सावरली? काही अभ्यासकांच्या मते त्या दिवशी ध्रुवप्रकाशाचे वलय इतके खाली आले होते की मुंबईच्या सुईवर आयनांबरातल्या आणि चुंबकीय रेषांवरच्या प्रवाहांचाही भार पडला. तासाची सरासरी काढली तर घसरण उणे ८५० च्या आसपास येते, हेही दाखवले गेले आहे. एका वेधशाळेच्या आकड्यांवरून निकाल लागणार नाही. म्हणून आता रशियातल्या येकातेरिनबर्ग, बर्नाउल आणि नेर्चिन्स्क इथल्या त्याच दिवसाच्या वह्या कुलाब्याच्या वहीशेजारी ठेवून, पाच मिनिटे आणि एक तास अशा वेगवेगळ्या अंतराने घेतलेली वाचने एका कालमानावर आणण्याचे काम अभ्यासक करत आहेत.